एकाहत्तर हजार चारशे सहा

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याने दादांची फियाट टिनाच्या शेडमधून बाहेर काढली आणि माझ्या रिकाम्या दुपारींना काम मिळालं. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. ते २०११ साली गेले. त्याच्या दोन वर्षं आधीच गाडी चालवणं त्यांनी बंद केलं होतं. तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी. वर कडबा, आत कोंबड्या. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी तिची चौकशी केली तेव्हा पुतण्या मला म्हणाला, "काका, इंजिनचं मी पाहतो. पण डॅश अन् मीटर उघडताना कोन्ता वायर कुठला हे लिहून ठेवाले तुम्हीच पाहिजे. तुमचं अक्षर चांगलं हाये."

चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून शेवटी अक्षर तेवढं कामाला आलं! असो.

पण मंडळी, त्या मीटरने मला इतिहासाचा असा एक धडा दिला की तो इथे लिहून ठेवल्याशिवाय चैन पडेना. धडा नीट कळायचा तर आधी गाडीची थोडी कुळकथा सांगायला हवी.

ही गाडी १९६९ ची, फियाट ११०० डिलाइट. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली बाजूला. मुंबईकर जिला टॅक्सी म्हणून ओळखतात त्या पद्मिनीची ही थोरली बहीण. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकन डॉज आणि प्लिमथ गाड्यांचे भाग जोडले जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. नुसते परदेशी सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे थारा नाही, भाग हळूहळू इथेच बनवा, असं धोरण ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड या बड्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. १९६४ मध्ये डिलाइट आली, सत्तरीच्या सुरुवातीला तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव. इटलीत मूळ ११०० डी चं उत्पादन १९६६ मध्येच थांबलं, पण आपल्याकडे तीच गाडी विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत निघत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींपैकी शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही.

आमच्या लहानपणी गाडी मिळणं म्हणजे नशीब उघडणं. पैसे असूनही वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. १९६९ मध्ये तर सरकारने गाड्यांच्या किमतीच ठरवून दिल्या आणि कंपन्या त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्यामुळे जुन्या गाडीलाही भाव होता. दादांनी ही गाडी १९८६ मध्ये दुसऱ्या गावच्या एका माणसाकडून घेतली. कापसाचे पैसे हातात आले होते. गाडी गावात आली तेव्हा मी शाळा सुटल्यावर धावत गेलो होतो. दादा मीटरवर बोट ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पाहा, अवघी अडतीस हजार पळाली हाये. नवीच म्हणा!"

तो आकडा मला पाठ आहे, कारण त्याच दिवशी दादांनी एक वही केली. पहिल्या ओळीत तारीख आणि ३८,१५०. त्यानंतर पेट्रोल भरलं की आकडा, ऑइल बदललं की आकडा. शेगावची वारी, लोणारची सहल, बहिणीच्या मुलीचं लग्न, अकोल्याचा दवाखाना, सगळ्यांपुढे आकडा. २००९ मध्ये मीटरची केबल तुटली. त्या दिवशीचा आकडा ७१,४०६. वही तिथे संपते.

आता मीटरकडे वळू.

पहिलं काम बॅटरीची वायर काढणं. मग डॅशखाली हात घालून मीटरच्या पाठीमागची केबलची चाकी सैल केली. कामाला हात पुतण्याचे, मोताळ्याला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मी पाटावर बसून प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी बांधत होतो. वायरचा रंग, जागा, दिवा की काटा. मोबाइलवर फोटोही काढले, पण छप्पन वर्षांच्या धुळीत लाल आणि तपकिरी वायर फोटोत सारख्याच दिसतात. चिठ्ठी बरी.

मीटरची चौकट पत्र्याच्या बारीक कानांनी बंद केलेली असते. हे कान एकदा वाकवले की तुटायला टपलेले. पातळ सुरीने एकेक थोडा थोडा उघडायचा. आतली तबकडी ओल्या फडक्याने पुसायची नाही, आकडे छापलेले असतात, ते फडक्यावर येतात. आम्ही रबरी फुग्याने हवा मारली आणि मऊ कुंचल्याने धूळ झटकली. काटा हाताने फिरवायचा मोह होतो, तो आवरायचा.

का, ते सांगतो. हे यंत्र मोठं गमतीचं आहे. गिअरबॉक्समधून येणारी केबल मीटरमध्ये एक चुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही आणि वाटी चुंबकाला शिवतही नाही. पण चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती चुंबकामागे ओढली जाते. तिला केसासारखी बारीक स्प्रिंग उलट खेचते. या रस्सीखेचीत वाटी जिथे थांबेल तिथे काटा. ऑटो शुल्झ नावाच्या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं. म्हणजे काटा हिसकला की ती स्प्रिंग गेली आणि स्प्रिंग गेली की मीटर कायमचं खोटं बोलणार.

अंतर मोजणारी आकड्यांची चाकं त्याच केबलवर चालतात, पण तिथे चुंबक नाही, सगळे दाते. एक चाक दहा घरं फिरलं की शेजारचं एक घर सरकतं. ही कल्पना फार जुनी. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी अशी गाडी वर्णन केली आहे. चाक चारशे वेळा फिरलं की एक मैल झाला आणि एक खडा पितळी भांड्यात टण्‌कन पडणार. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे. आमच्या आजोबांची पद्धत त्याहून सोपी, "दोन कोस" म्हटलं की संपलं. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर मैल जाऊन किलोमीटर आले, रस्त्याकडेचे दगड बदलले. दादांच्या मीटरवर किलोमीटर, वहीत किलोमीटर, तोंडात मात्र शेवटपर्यंत कोस.

केबलची आतली तार ओढून काढली, तुटली होतीच. नवी आणली. तिला ग्रीस अगदी पातळ लावायचं आणि मीटरकडचं टोक कोरडं ठेवायचं, नाहीतर ग्रीस चढत चढत मीटरात जातं. काटा थरथरण्याचं कारण बहुतेक वेळा मीटरमध्ये नसतं, कोरड्या किंवा मुरडलेल्या केबलमध्ये असतं. पेट्रोलचा काटाही मेलेला होता. पुतण्याने टाकीच्या तोंडाशी गंजलेला अर्थिंगचा जोड घासला आणि काटा झटकन उठला. डॅशच्या पत्र्यावर गंज होता, तो घासून प्रायमर मारला. रंग कोणता द्यायचा यावर वाद झाला, कारण उन्हाने मूळ रंग पार उडालेला. मग मी म्हटलं, उन्हाने जिथे पाहिलं नाही तिथे पाहू. हातमोज्यांचा कप्पा काढला. त्याच्या आड निळसर राखाडी रंगाची बोटभर पट्टी जशीच्या तशी होती. तीच दुकानात दाखवून रंग करून घेतला. वरच्या गादीचं रेक्झिन तडकून गेलं होतं, ते मलकापूरच्या सीट-कव्हरवाल्याकडून नवं चढवलं. चकचकीत पट्ट्या पॉलिशने उजळल्या. जिथे खड्डे पडले होते तिथे खड्डे राहू दिले.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग पुतण्याने आकड्यांची चाकं भिंगाखाली धरली आणि गप्प झाला.

"काका, हे पाहा."

हजाराच्या आणि दहा हजाराच्या चाकाच्या कडेवर ओरखडे होते. बारीक, तिरपे, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने चाक ढकलल्यावर पडतात तसे. ती दोन चाकं बाकीच्यांच्या ओळीत नीट बसतही नव्हती. दादांनी मीटर कधी उघडलं नव्हतं. वहीत पंक्चरची सुद्धा नोंद आहे, मीटर-दुरुस्तीची नाही. मला मग आठवलं की गाडी आली तेव्हाच क्लचच्या पायट्याचं रबर गुळगुळीत झालेलं होतं. अडतीस हजारात ते तसं होत नाही. म्हणजे १९८६ मध्ये, बहुधा विकण्याआधी, कुणीतरी चाकं मागे फिरवली होती. दादा ज्या आकड्यावर बोट ठेवून गावाला अभिमानाने सांगत होते, तो आकडाच खोटा होता.

मला वाईट वाटलं. दादांना हे कधी कळलं नाही याचं बरंही वाटलं.

पुतण्या मात्र व्यवहारी. तो म्हणाला, "मीटरवाला म्हणून राहिला होता, शून्य करून देतो. मी नाही म्हटलं होतं, तुम्ही रागावले असते म्हणून. पण आता सांगा, आकडा खोटाच हाये तर शून्य केला तर काय बिघडलं? पाहणाऱ्याले साफ दिसन, चार पैसे जास्त येतीन."

खरं सांगतो, मला लगेच उत्तर सुचलं नाही. वर्गात असं कुणी विचारलं असतं तर मी पुस्तकातलं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. मी उठलो आणि फिरायला गेलो.

आमच्या गावात फिरायला गेलं की इतिहास आडवा येतोच. घाटाच्या पायथ्याशी, बऱ्हाणपूरकडून दख्खनमध्ये शिरणाऱ्या वाटेवर हे गाव. म्हणून सैन्यं इथे येऊन धडकायची. १४३७ मध्ये खानदेशच्या नसीर खानाला बहामनी सरदार खलफ हसनने इथेच हरवलं आणि थेट बऱ्हाणपूरपर्यंत पिटाळलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहाशी लढताना जमालखान इथेच पडला. गावात खुदावंदखानाने १५८२ मध्ये बांधलेली दगडी मशीद आहे, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातली. तिच्यासमोर थांबलो. काही दगड झिजलेत, नक्षी पुसली आहे. कुणी उत्साही कारागीर आणून ती नक्षी पुन्हा कोरून घेतली तर? देखणी दिसेल. पण मग ती १५८२ ची राहणार नाही, आमच्या काळाची होईल आणि बघणाऱ्याला ते कळणारही नाही. जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जुन्या वास्तूंच्या जतनासाठी जी नियमपुस्तिका लिहिली तिचं सार हेच आहे की मोडकं पण मूळचं ते नव्या चकचकीतापेक्षा मोलाचं. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेनेही सांगितलं की अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवावा. १९६४, म्हणजे डिलाइट आली तेच साल. योगायोग!

पण पुतण्याचा प्रश्न याने सुटत नव्हता. मशिदीची नक्षी खरी तरी आहे. इथे मूळ आकडाच खोटा. खोट्याचं जतन कशासाठी?

रात्री दादांची वही काढली. शेवटचा आकडा ७१,४०६, पहिला ३८,१५०. सवयीने वजाबाकी केली. तेहतीस हजार दोनशे छप्पन. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. पहिला आकडा खोटा, म्हणून शेवटचाही खोटा. पण त्यांच्यातलं अंतर खरं आहे! तेवढे किलोमीटर दादांनी स्वतः चालवले, एकेक वहीत उतरलेला. त्यात माझ्या आईला शेवटची दवाखान्यात नेलं ते आहे. पुतण्याला जन्मल्यावर घरी आणलं तेही आहे. मीटर शून्य केलं असतं तर आधीच्या मालकाच्या लबाडीबरोबर दादांचे तेहतीस हजार दोनशे छप्पन किलोमीटरही पुसले गेले असते.

इतिहासाची साधनं अशीच असतात, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. बखरीत सैन्याचा आकडा फुगवलेला असतो म्हणून आपण बखर फाडत नाही. कुणी, कधी, कशासाठी फुगवला ते शोधतो आणि उरलेलं जपून वापरतो. खोट्या साधनातही खरं असतं. ते दुरुस्त करायला गेलो की खोटं तर जात नाहीच, खरं मात्र हरवतं. वर तिसऱ्याच कुणाला फसवण्याचं पाप आपल्या माथी. दादांना कुणीतरी फसवलं, आता आपण दादांच्याच गाडीतून पुण्याच्या माणसाला फसवायचं?

सकाळी पुतण्याला वही दाखवली. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. स्वतःच्या जन्माच्या तारखेपाशी थांबला. मग म्हणाला, "राहू द्या काका. जसा हाये तसा."

आम्ही चाकं फक्त साफ केली. एका कागदावर मी सगळं लिहिलं. गाडी कधी घेतली, तेव्हा आकडा किती होता, ओरखडे कुठे सापडले, मीटर कधी बंद पडलं, आम्ही काय बदललं आणि काय तसंच ठेवलं. खाली दोघांच्या सह्या.

आता एकच गोष्ट राहिली होती, मीटरची काच. तिच्यावर ६० च्या आकड्यापाशी नखाला लावायच्या लाल रंगाची एक उभी रेघ आहे. १९९१ मध्ये राजूर घाटात वळणावर अचानक बैलगाडी समोर आली. दादांनी गाडी कशीबशी कडेला घातली. पुतण्या तेव्हा वहिनींच्या मांडीवर होता. घरी आल्यावर वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काचेवर ती रेघ दिसली. त्या गाडीत असताना दादांनी काटा कधी त्या रेघेपलीकडे जाऊ दिला नाही.

पुतण्या काच पुसायला पॉलिश घेऊन बसला होता. वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, "ते रेघ पुसू नको." मी म्हटलं, "वहिनी, गाडी तर पुण्याला जाणार." त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "गाडी जाऊ द्या भाऊजी. काच काढता येते ना?"

काढता येते. मलकापूरला फोटो-फ्रेमवाल्याकडून त्याच मापाची नवी काच कापून आणली आणि मघाच्या कागदावर आणखी एक ओळ वाढवली, काच नवी आहे म्हणून.

मीटर बसवलं. चाचणीसाठी हमरस्त्यावर गेलो आणि किलोमीटरचे दगड मोजले. दहा दगड गेले तेव्हा मीटरचंही शेवटचं चाक बरोबर दहा घरं फिरलं होतं. काटा थरथरला नाही. पुतण्या चालवत होता. साठच्या जवळ आला की त्याचा पाय आपोआप सैल व्हायचा, हे माझ्या लक्षात आलं. समोर रेघ नव्हती तरी.

पुण्याचे गृहस्थ आले. माणूस जाणकार. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मूळ रूपाला धक्का लागलेला चालत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. त्यांनी कागद दोनदा वाचला, भिंग मागून ओरखडे पाहिले आणि भावात थोडी घट मागितली. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. व्यवहार ठरला. जाताना त्यांनी विचारलं, "त्या वहीची प्रत मिळेल का?" प्रत दिली. मूळ वही घरीच आहे.

गाडी रोहिणखेडच्या वेशीबाहेर गेली तेव्हा मीटरवर ७१,४४८ होते. दादांच्या वहीत शेवटच्या ओळीखाली तो आकडा पुतण्याने स्वतःच्या हाताने लिहिला.

काच वहिनींच्या कपाटात आहे, साडीच्या घडीत.